फ्री जॅझचे दर्दी व्हा, ऐकण्याची अट नाही

फ्री जॅझच्या रेकॉर्डी जमवायचं मनावर घेतलंत, अभिनंदन! ठरलेली सुरावट नाही, ठरलेली लय नाही, पुढच्या क्षणी काय येणार हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नाही, असं हे संगीत. ऐकायला अवघड. पण घाबरू नका, जमवायला अगदी सोपं आहे. थोडे पैसे, एक काचेचं कपाट आणि खालील पथ्यं, एवढं पुरे.

आधी नावं पाठ करा. ऑर्नेट कोलमन, सेसिल टेलर, अल्बर्ट आयलर, हे या संगीताचे अमेरिकन म्होरके. ही घेतली की समोरचा निम्मा गार होतो. उरलेल्या निम्म्यासाठी जर्मन सॅक्सोफोनवाला पीटर ब्रॉट्झमन राखून ठेवा. आणि या संगीताला 'बौद्धिक' म्हणा. आयलरच्या धून लहान पोरालाही गुणगुणता येतील अशा आहेत, वरातीच्या बँडनं कधीतरी उचलाव्यात इतक्या साध्या, आणि मग तो त्या फाडत जातो, हे कुणाला सांगत बसू नका. ते कळायला ऐकावं लागतं.

'हे तर आमचा बंड्याही वाजवेल' असं कुणी म्हणालं, तर बंड्याला सॅक्सोफोन घेऊन द्या आणि त्या गृहस्थांच्या शेजारी राहायला पाठवा.

आपल्या शास्त्रीय संगीताशी नातं जोडायला विसरू नका. 'म्हणजे आपली आलापीच की हो!' हे वाक्य केव्हाही चालतं. थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं रविशंकरांच्या नावावरून मुलाचं नाव रवी ठेवलं, हेही सोडून द्या, माना डोलतात. इथे समेवर यायची कुणाला घाई नसते, मुळात सम कुठे आहे याचीच फिकीर नसते, हा तपशील गाळावा.

रेकॉर्ड विकताना 'नियर मिंट', म्हणजे जवळपास नवी; विकत घेताना 'व्हीजी प्लस', म्हणजे एक पायरी खाली, 'तेही ओढूनताणून'. रेकॉर्ड तीच.

कव्हर दर्शनी लावा. कोलमनच्या डिसेंबर 1960 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'फ्री जॅझ'च्या कव्हरवर जॅक्सन पोलॉकचं चित्र आहे, सोफ्याच्या रंगाशी जुळतं. आत दोन चौकड्या आहेत, एक डाव्या स्पीकरमध्ये, दुसरी उजव्या, आणि सदतीसएक मिनिटं त्या एकमेकींना टोकत, चिडवत, सावरत जातात. पण तुमच्याकडे ब्लूटूथचा तो एकच गोल डबा आहे ना? मग आठही जणांना त्यात कोंबा. दुचाकीच्या किमतीच्या टर्नटेबलावर धूळ बसू नये म्हणून झाकण असतं, ते उघडायचं नाही.

आता मुख्य पथ्य. सील फोडू नका.

हे मी एका थोर संग्राहकांकडून शिकलो. परवाच्या रविवारी त्यांच्या घरी 'लिसनिंग सेशन' होतं. आम्ही सात-आठजण जमलो. चहा झाला, बाकरवडी झाली, मग साहेबांनी पांढरे सुती हातमोजे चढवले, कपाटाचं कुलूप काढलं आणि कोल्ट्रेनचं 'असेन्शन' बाहेर आलं. इम्पल्स कंपनीची मूळ प्रत, प्लास्टिकसकट. कोपऱ्यावर जुन्या दुकानाचा किमतीचा स्टिकर. ती फिरली नाही, आमच्यासमोरून फिरवली गेली. मग भाव. कुणाकडून घेतली, कितीला घेतली, आज कितीला जाईल, जपानमधला कोण किती द्यायला तयार आहे. पाऊण तास! कस्टमवाल्यांनी किती लावले यावरही दहा मिनिटं.

आमच्यात कोल्हापूरहून रात्रीच्या एस्टीनं आलेला एक मुलगा होता. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. मोबाइलवर ऐकून ऐकून वेडा झालेला, रेकॉर्डवर कधीच न ऐकलेला. तो हळूच म्हणाला, "काका, एक बाजू तरी लावता का?" साहेब हसले. सील फोडलं तर निम्मी किंमत जाते, म्हणाले. "हात नको लावूस हं." आणि मग त्याच्या समाधानासाठी 'असेन्शन' लावलं. मोबाइलवरून. त्या गोल डब्यात. बाराव्या मिनिटाला साहेबांना फोन आला, तेव्हा आवाज बारीक केला, तो पुन्हा मोठा झालाच नाही.

गंमत पुढेच आहे. 28 जून 1965 ला एंगलवुड क्लिफ्सच्या रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत अकराजणांनी ही रचना दोनदा वाजवली. आधी त्यातला एक टेक, म्हणजे एका खेपेचं ध्वनिमुद्रण, बाजारात आला. मग कोल्ट्रेनला दुसरा हवा होता असं ठरलं, आणि कंपनीनं कव्हर तेच, क्रमांक तोच ठेवून आतलं संगीत बदललं. बदललेल्या प्रतीत शेवटच्या कोऱ्या पट्टीवर 'एडिशन टू' असं कोरलेलं असतं. ते दिसायला रेकॉर्ड बाहेर काढावी लागते. म्हणजे साहेब, तुमच्याकडे कोणतं 'असेन्शन' आहे हे तुम्हालाच माहीत नाही! पाऊण तास ज्याचा भाव सांगितलात ते आत काय आहे, तुम्हाला ठाऊक नाही!

आणि ते प्लास्टिक काळानुसार आवळत जातं. मोजेवाल्या हातांनी ती आडवी धरली तेव्हा कव्हर कडेनं बाकलेलं मला खुर्चीतून दिसत होतं. आतली तबकडीही बाकलीच असणार. खुशाल जपा.

कपाटाच्या वर, फ्रेममध्ये, एरिक डॉल्फी या सॅक्सोफोनवादकाचं ते प्रसिद्ध बोलणं लावलंय: संगीत संपलं की हवेत जातं, ते पुन्हा पकडता येत नाही. डॉल्फी हे बोलला 1964 मध्ये आणि त्याच वर्षी जूनमध्ये बर्लिनमध्ये गेला, वय 36. त्याचं वाक्य भिंतीवर, खाली कुलूप. इंग्रजी अक्षर मात्र सुरेख आहे.

आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी' ज्या ईएसपी कंपनीनं काढली, ती आपल्या कव्हरांवर छापायची की काय ऐकायचं ते फक्त कलाकारच ठरवतील. बिचाऱ्यांना काय माहीत, ऐकायचं की नाही ते संग्राहक ठरवतील म्हणून.

बरं, आता सल्ले पुरे झाले. या रेकॉर्डी दुर्मीळ का आहेत, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का हो? ब्रॉट्झमननं 1968 साली ब्रेमेनच्या एका क्लबात आणखी सातजणांना घेऊन 'मशीन गन' वाजवलं आणि पदरमोड करून तीनशे प्रती काढल्या. 'मर्यादित आवृत्ती' म्हणून नव्हे, तेवढीच ऐपत होती म्हणून. सन रा या अमेरिकन बँडप्रमुखाची मंडळी कव्हरं हातानं रंगवून कार्यक्रमांत विकायची. छापायला पैसे नसायचे. आयलरचं प्रेत 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये सापडलं, तेव्हा तो 34 वर्षांचा होता. ज्या उपेक्षेनं या माणसांना आयुष्यभर छळलं, तिलाच तुम्ही 'रेअर' म्हणता आणि तिच्यावर नफा मोजता.

गुंतवणूकच करायची होती तर सोनं घ्यायचं, लक्ष्मी रोडवर दुकानं कमी आहेत का? फ्लॅट घ्यायचा, शेअर घ्यायचे. ज्यांना ऐकायचंय त्यांच्या हातून प्रती काढून घ्यायच्या, भाव चढवून ठेवायचे, वर लोकांना घरी बोलावून मोजे दाखवायचे, ही कुठली रसिकता? नका ऐकू. आवडत नसेल तर तसं सांगा, त्यात लाज नाही. निम्म्या जगाला हे संगीत आवडत नाही. पण मग मिरवू नका, 'सेशन' म्हणू नका, आणि माझ्यासमोर तर डॉल्फीचं नावही घेऊ नका.

त्या पोराला तुम्ही बोलावलं होतंत. रात्रभर बसून आला तो. निदान त्याच्या एस्टीच्या तिकिटाचे पैसे तरी द्यायचेत.