डुकराला घाम येत नाही, मग विष जातं कुठे?

'डुक्कर खाणाऱ्यांनो सावधान' असं मथळ्यात लिहिलेला, लाल दिवे लावलेला एक मेसेज यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या ग्रुपवर सहा-सात वेळा तरी फिरला. मजकूर असा : डुकराला घाम येत नाही, म्हणून अंगातलं विष बाहेर पडत नाही, ते मांसात साठतं. गाय चोवीस तास पचवते, डुक्कर चार तासांत, म्हणून खाल्लेली घाण गाळली जात नाही. त्याच्या मांसातले किडे शिजवूनही मरत नाहीत, कोल्ड्रिंक ओतून बघा, वळवळत बाहेर येतील. मांस फिक्कट असतं, त्याला पाणी सुटतं, ते पाणी म्हणजेच विष. स्वाईन फ्लू यातूनच आला. आणि शेवटी, 'डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत.'

मी डॉक्टर आहे, जनावरांचा. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत नोकरी झाली, आता घरीच असतो. मेसेज हसून सोडून दिला असता. पण शेजारच्या गावातला एक पोरगा दारात आला. तीन एकर कपाशी, दोन वर्षं बोंडअळीनं खाल्लेली. त्यानं दहा माद्या आणि एक नर घेऊन वराहपालनाचं शेड टाकलंय. लग्न ठरत आलं होतं, आणि होणाऱ्या सासऱ्यानं हाच मेसेज दाखवून 'विषाचा धंदा करणाऱ्याच्या घरी पोरगी देत नाही' म्हणून सांगितलं. पोरगा म्हणाला, "काका, मले लेखी द्या. मी थेट त्यायलेच पाठवतो."

म्हणून हे लेखी. एक गोष्ट आधीच सांगतो. ज्यांच्या घरात, धर्मात डुक्कर चालत नाही, त्यांच्याशी माझा काही वाद नाही. मी स्वतःही क्वचितच खातो. पण श्रद्धेला शरीरशास्त्राचा खोटा दाखला कशाला जोडायचा?

आता घाम. मेसेजमधलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. डुकराच्या कातडीत घामाच्या ग्रंथी असतात, पण अंग थंड करण्यापुरत्या त्या चालत नाहीत. नाकाडावर थोडा ओलावा दिसतो, तेवढाच. घोटाळा दुसऱ्या वाक्यात आहे. घाम हा विष बाहेर टाकायचा नळ नाही. त्यात जवळपास 99 टक्के पाणी असतं, बाकी मीठ आणि चिमूटभर युरिया वगैरे. त्याचं काम अंग थंड करणं. रक्त साफ करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडांचं, आणि ते दोन्ही डुकराला आहेत, चांगले धडधाकट आहेत. इतके, की मार्च 2024 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात जनुकीय बदल केलेल्या डुकराचं मूत्रपिंड जिवंत माणसाच्या अंगात बसवलं, आणि ते लघवी तयार करायला लागलं. ज्या प्राण्याच्या अंगातलं काहीच बाहेर पडत नाही, त्याचं मूत्रपिंड कोण कशाला बसवेल? त्याआधी कित्येक वर्षं मधुमेहाच्या रोग्यांनी टोचून घेतलेलं इन्सुलिनही डुकराच्या नाहीतर गाय-बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेलं असायचं.

आणि घामाचाच हिशेब लावायचा, तर मग आपल्या नागपुरी म्हशीचं काय? म्हशीला गायीच्या मानानं घामाच्या ग्रंथी फार कमी. वर काळं कातडं, ऊन शोषून घेणारं. म्हणून तर ती नाल्याच्या डबक्यात नाकापर्यंत बुडून बसते. तिच्या दुधाचा चहा पिता पिता लोक हा मेसेज पुढे ढकलतात. कोंबडीला तर घामाची ग्रंथीच नाही. ती चोच उघडून धापा टाकते. तर्क एकदा धरला की रविवारचा गावरानी कोंबडीचा रस्साही गेला.

घाम नसण्याचा खरा अर्थ वेगळा आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला तो सुचलेलाच नाही. पूर्ण वाढलेलं डुक्कर 25 अंशांच्या वर अस्वस्थ व्हायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास घुटमळतो. अशा वेळी त्याच्याकडे दोनच उपाय असतात. एक धाप. स्वस्थ डुक्कर मिनिटाला वीस-तीस श्वास घेतं, उन्हात तेच शंभरावर जातं. दुसरा चिखल. अंगावरचं साधं पाणी लवकर वाळतं, चिखलातलं पाणी हळूहळू उडतं आणि जास्त वेळ गारवा देतं. म्हणजे चिखलात लोळणं ही त्याची घाण नाही, तो त्याचा कूलर आहे. ऐसपैस जागा आणि गारवा दिला, तर डुक्कर झोपायची जागा वेगळी आणि हागायची जागा वेगळी ठेवतं. हे मी त्या पोराच्या शेडमध्ये पाहिलंय. आपल्याकडे काही माणसांना अजून हे जमत नाही, त्यावर पुढे येतोच.

पचनाचा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो, कारण त्यात अर्धा टक्का खरं आहे. चार तासांत डुकराचं पोट रिकामं होतं, पचन संपत नाही. पुढे लहान-मोठं आतडं असतंच, सगळा प्रवास धरून दिवसभर तरी जातो. माणसाच्या पोटाचंही असंच. आपण काय रवंथ करतो? गायीला चार कप्पे आहेत ते कडबा आणि कुटार पचवायला, विष गाळायला नव्हे. पहिल्या मोठ्या कप्प्यातले जंतू काडी आंबवतात, त्याला वेळ लागतो, एवढंच.

आता ते अर्धा टक्का खरं. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पहिल्या कप्प्यात ते बरंचसं बांधलं जातं, म्हणून म्हैस ढेप खाऊन मजेत दूध देते. डुकराला ती सोय नाही. तीच ढेप त्याला रोज घातली, तर काही आठवड्यांत हृदय कमजोर होतं, धाप लागते, जनावर मरतं. कपाशीच्या मुलखात डुक्कर पाळणाऱ्यानं हे पाठच करावं. पण यात मरतं ते डुक्कर. खाणाऱ्यासाठी विष साठवून ते गुबगुबीत होत नाही.

उलट बाजू बघा. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन तडकाफडकी मरतं कोण? गाय-बैल. कारण त्या पहिल्या कप्प्यातले जंतूच फुटव्यातलं सायनाइड झपाट्यानं मोकळं करतात. डुकराच्या पोटातलं आम्ल त्या क्रियेला बऱ्यापैकी आवर घालतं. युरियाची गोणी भिजवलेल्या टोपल्यातलं पाणी पिऊन फुगून मेलेले बैल मी माझ्या हातांनी फाडून पाहिलेत. तेच कारण, कप्प्यातले जंतू युरियाचा अमोनिया करतात. एक पोट असलेलं जनावर युरिया त्यापेक्षा पुष्कळ सोसतं. म्हणजे 'चार पोटं म्हणजे चार चाळण्या' हा हिशेब आपल्याच शेताच्या धुऱ्यावर चुकतो.

खाल्लेलं अंगाला लागतं, हेही खरं, पण ते चरबीत दिसतं. डुकरानं तेलकट खाद्य खाल्लं, तर चरबी मऊ, पिवळसर, हाताला लागणारी होते. गायी-म्हशीच्या पोटातले जंतू तेलाचं रूप बदलून टाकतात, म्हणून त्यांची चरबी घट्ट राहते. हॉटेलची उष्टी बादली घालणाऱ्याचा माल खाटीक बोटानं ओळखतो, तो यावरून.

आता फिक्कट मांस आणि सुटणारं पाणी. मेसेजमधली ही एकच गोष्ट कुणीतरी खरंच डोळ्यांनी पाहिलेली आहे. डुकराचं मांस कधी कधी खरंच फिक्कट, लिबलिबीत निघतं, परातीत ठेवलं तर खाली पाणी साचतं. ते विष नाही, पण ते का होतं हे कळलं तर जास्त लाज वाटेल.

माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' (pH) असतो ना, तोच इथे बघायचा : आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. जिवंत स्नायूचा सामू 7 च्या आसपास असतो. जनावर कापलं की रक्त थांबतं, प्राणवायू थांबतो, पण स्नायू काही काळ आपल्यातली साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जाळत राहतो. त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि सामू हळूहळू, काही तासांत, 5.5-5.6 पर्यंत उतरतो. तोवर मांसही थंड होत आलेलं असतं. असं झालं की मांस गुलाबी, घट्ट, पाणी धरून ठेवणारं.

पण कापायच्या आधीच्या अर्ध्या तासात जनावर घाबरलं, ओरडलं, धडपडलं, तर स्नायू आधीच पेटलेला असतो. मग पाऊण तासाच्या आतच सामू 6 च्या खाली येतो आणि मांस अजून चाळीस अंशांवर तापलेलं असतं. आम्ल आणि उष्णता एकदम आली की स्नायूतली प्रथिनं निकामी होतात, पाणी धरवत नाही. रंग उडतो, पाणी गळतं. खाल्लं तर बाधत नाही, पण शिजवल्यावर चोथा लागतो आणि विकणाऱ्याचं वजन घटतं. पिएट्रेनसारख्या काही विदेशी जातींत हा दोष जास्त दिसतो. तो कोणत्या जनुकामुळे, हे 1991 मध्ये सापडलं. पण गावठी डुकरातही माणूस तो घडवून आणू शकतो. जनावर दोन दिवस उपाशी, गाडीत उभं, थकून गेलेलं असेल तर उलटं होतं. साखरच संपलेली, मग आम्ल बनत नाही, सामू 6 च्या वरच राहतो. मांस काळपट, कोरडं, आणि लवकर नासणारं. म्हशीच्या मांसात हा दोष पुष्कळदा दिसतो.

मग आपल्याकडे डुक्कर बाजारात जातं कसं? चारही पाय दोरीनं एकत्र बांधून, मोटारसायकलच्या मागे आडवं टाकून, तोंड खाली, दुपारी बारा वाजता. ज्या जनावराला घामच येत नाही, त्याला. किंचाळणं गावाच्या वेशीपासून ऐकू येतं आणि आपण हसतो. 2001 च्या कत्तलखान्यांच्या नियमांत पशुवैद्यकीय तपासणीनंतर जनावराला 24 तास विश्रांती द्यायची आणि एकासमोर दुसरं कापायचं नाही, असं लिहिलेलं आहे. नाल्याकाठच्या कापण्यात कसली विश्रांती आणि कसली तपासणी! परातीत साचतं ते पाणी तिथून येतं.

किड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे भीती पूर्ण खोटी नाही, फक्त बोट चुकीकडे आहे. डुकराच्या मांसात फीतकृमीच्या बारीक पिशव्या असू शकतात, भिजलेल्या साबुदाण्याएवढ्या. त्या आल्या कुठून? ती कृमी मोठी होते माणसाच्या आतड्यात, काही मीटर लांब. तिची अंडी माणसाच्या विष्ठेतून पडतात. मोकाट डुक्कर ती विष्ठा खातं आणि पिशव्या त्याच्या स्नायूत तयार होतात. पिशवीचं मांस कच्चं-अर्धकच्चं खाल्लं, तर माणसाच्या पोटात पुन्हा कृमी. मात्र मांसाच्या गाभ्यापर्यंत 60-65 अंश उष्णता पोचली की पिशवी मरते. आपला रस्सा तर तासभर उकळत असतो. 'शिजवूनही मरत नाही' हे साफ खोटं.

याच कृमीमुळे मेंदूत गाठी होऊन झटके येतात, ते मात्र वेगळ्या वाटेनं. माणसाच्या विष्ठेतली अंडी हातावरून, पाण्यातून, न धुतलेल्या सांबारातून, म्हणजे कोथिंबिरीतून, दुसऱ्या माणसाच्या पोटात गेली की गाठी होतात. म्हणून जन्मात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो. डुकराला दोष देऊन भागत नाही. सकाळी लोटा घेऊन कोण कुठे जातं, ते बघावं लागतं. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांनी खराटा माणसांच्या गावात फिरवला होता. बंदिस्त शेडमधलं, ढेप-मका-कोंड्यावर वाढलेलं डुक्कर या साखळीत येतच नाही. ढेप अर्थात सोयाबीनची, सरकीची नव्हे.

कोल्ड्रिंकचं एका वाक्यात : साबुदाण्यासारखी पिशवी चालत नाही, आणि पोटातलं आम्ल पचवून जगणाऱ्या कृमीला कोल्ड्रिंकची कसली भीती?

स्वाईन फ्लू 2009 मध्ये आला, पुण्यात त्यानं देशातला पहिला बळी घेतला, आणि तो पसरला खोकल्यातून, माणसाकडून माणसाला. शिजवलेल्या मांसातून नाही. डुकराच्या श्वसनमार्गात पक्ष्यांचे आणि माणसांचे दोन्ही फ्लू-विषाणू एकत्र येऊ शकतात, आणि या विषाणूची जनुकं डुकरांतल्या फ्लू-विषाणूंशी मिळतीजुळती निघाली, म्हणून नाव तसं पडलं.

मेसेजमध्ये नसलेली, पण खरी काळजी करावी अशी गोष्ट सांगतो. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या रक्तात वाढतो आणि धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यावर वाढणारे डास तो माणसांपर्यंत नेतात. तेव्हा भंडारा-गोंदियाकडे शेड टाकणाऱ्यानं वस्तीपासून लांब टाकावं, डासांची जाळी लावावी. जंताचं किंवा दुसरं कुठलं औषध टोचलं, तर बाटलीवर लिहिलेले दिवस संपल्याशिवाय जनावर विकू नये. हे शेळीला, कोंबडीलाही तितकंच लागू.

हे सगळं मी पोराला लिहून दिलं. सासऱ्यानं वाचलं की नाही माहीत नाही. पण आठ दिवसांनी ते शेड बघायला आले, तेही बरोबर दुपारी दोनला, खोड काढायलाच. छतावर कुटार टाकलेलं होतं, आत फवारे सुरू होते, डुकरं आडवी पडून झोपलेली. बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "काहून रे, माणसाच्या घरी नाही एवढा गारवा इथं?" लग्नाचं अजून ठरलेलं नाही. पोरगा मात्र आता माल पहाटे चारला टेम्पोत उभा करून नेतो, पाय न बांधता, आदल्या रात्री भरपूर पाणी पाजून.