मशिनीला जळालेलं ऑइल? ना बाप्पा!

फर्निचरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सुतारकामाच्या मशिनीला वेगळं वंगण कशाला? गॅरेजमधून जळालेलं ऑइल आणा आणि सगळीकडे सोडा. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरा, टेबलावर सिलिकॉन स्प्रे मारा, जाम झालं की डब्ल्यूडी-४० चा स्प्रे. 'वर्षाचे हजारो वाचतात.' नागपूरच्या लकडगंजात मशिनी उघडण्यातच माझी अर्धी हयात गेली, म्हणून गप्प बसवेना.

'इंजिनला चालतं ते रंध्याला का नाही?' इंजिनात ऑइल बंद डब्यात फिरतं, वाटेत फिल्टर असतो. थिकनेसरचा, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशिनीचा, टेबल वरखाली करणारे स्क्रू मात्र उघडे, आणि त्यांच्यावर दिवसभर सागाचा भुसा पडतो. गेल्या महिन्यात एकाचा टेबल वर येईना, तर मालकाने हँडलला पाइप लावून जोर केला. मी खाली वाकून टॉर्च मारला. चारही स्क्रूंचे आटे दिसतच नव्हते. खरवडलं तर सरकीच्या ढेपेसारखे काळे तुकडे पडले. ते वंगण नव्हतंच, ऑइल पिऊन वाळलेला भुसा होता. डिझेलने धुतलं, कोरडं पुसलं आणि मेणबत्ती घासली. हो, किराण्यातलीच. मेणावर भुसा फारसा धरत नाही. उघड्या भागाला वंगण निवडताना मी आधी भुसा कुठे पडतो ते बघतो, तेलाचं नाव नंतर.

शिवाय जळालेल्या ऑइलमध्ये धातूचा कीस, काजळी, आम्ल, सगळं उतरलेलं असतं. उघड्या हाताने रोज चोपडायची ती वस्तू नाही. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे.

आता ग्रीस. 'जितकं जास्त तितकं चांगलं' हे बैलगाडीच्या आसाला ठीक. रंधा मशिनीचा कटरब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता गोल, मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतो. बेअरिंग गच्च भरलं की गोळ्या ग्रीस घुसळत बसतात आणि तापतात. आतल्या मोकळ्या जागेच्या तिसरा हिस्सा ते अर्धी जागा भरली की पुरे. नंबरापुढे 'टू-आरएस' लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील असतं, ग्रीस कारखान्यातच भरलेलं. त्यावर ग्रीस गन दाबली की सील बाहेर येतं आणि भुशाला दार उघडतं.

कोणतं ग्रीस, हे मेसेजमध्ये नाहीच. नागपुरात खरा प्रश्न तोच आहे. स्वस्तातलं कॅल्शियमचं ग्रीस साधारण साठ अंशांपर्यंत टिकतं. मे महिन्यात आपला पारा ४५ च्या वर, त्यात टिनाचं शेड, त्यावर बेअरिंगची स्वतःची वीस-पंचवीस अंशांची गरमी. बेरीज करून बघा. ग्रीस पातळ होऊन गळणार नाही तर काय! लिथियमचं दोन नंबरचं (नंबर म्हणजे ग्रीसचा घट्टपणा) घ्या, शंभर अंशांच्या पुढेही उभं राहतं. फक्त जुन्यावर दुसऱ्या जातीचं चढवू नका. आधी पुसून काढा.

सिलिकॉन स्प्रेने टेबल गुळगुळीत होतो, खोटं नाही. पण तो लाकडाला लागतो आणि दिसत नाही. मी स्वतः हे भोगलंय. सागाच्या दाराला पॉलिश मारलं तर जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले. घासून पुन्हा मारलं, पुन्हा तेच. दोन दिवस पॉलिशवाल्याला बोल लावत होतो, चूक माझ्याच डब्याची निघाली. तेव्हापासून बिडाच्या टेबलाला मेणच घासतो. पावसाळ्यात गंजही कमी चढतो.

डब्ल्यूडी-४० चं जन्मवर्ष १९५३, आणि नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी हटवणारा. जाम नट सोडवायला, गंज पुसायला उत्तम. बेअरिंगवर मारलात तर आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि मागे पातळसा थर उरतो.

एक गोष्ट मेसेजची बरोबर आहे: 'मशीन स्पेशल' म्हणून विकले जाणारे महागडे कॅन बहुतेकांना लागत नाहीत. पण हजारो वाचायला आधी हजारो लागायला तर हवेत ना! माझा लिथियम ग्रीसचा एक किलोचा डबा मागच्या दिवाळीत फोडलाय. अजून तळ दिसायचाय.