साठी उलटली म्हणून मटकी बंद?

तलावपाळीवर सकाळी फेऱ्या मारणाऱ्या ठाण्यातल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात आहे. साठीनंतर कडधान्यं बंद करा, दोन्ही वेळा मुगाची खिचडी खा, हाडांसाठी सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध घ्याच, रात्रीचं दही म्हणजे विष, आणि शाकाहारात सगळं मिळतं तेव्हा गोळ्या नकोत. वर ‘शास्त्रीय माहिती’ असा शिक्का.

आधी कडधान्यं. छोले-वाटाण्यानं गॅस होतो तो त्यांतल्या रॅफिनोज जातीच्या शर्करांमुळे. त्या पचवणारं विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात विशीतही नसतं; मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. वयानं बदलतं ते वेगळंच: आतड्याची चाल मंदावते, दात जातात, औषधं वाढतात, चालणं कमी होतं. त्यात चोथाही काढून टाकला की बद्धकोष्ठ आलंच. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून टाका, मऊ शिजवा, अर्ध्या वाटीनं सुरुवात करा. एकाला मटकी सोसते पण वाल नाही, दुसऱ्याचं नेमकं उलटं. जांभळी नाक्यावरून आणलेला पावटा शेजारच्या काकांना पचला, एवढ्यावर आपलं ठरवू नये.

आता खिचडीचा हिशेब. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत; ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. २० ग्रॅम डाळ आणि ४० ग्रॅम तांदळाच्या खिचडीत मिळतात जेमतेम ८. दोन वेळची १६, दोन पेले दुधाची १३-१४. बेरीज तीस ग्रॅमपाशीच अडते, तीही स्नायू झिजण्याच्या वयात. आजारपणात चार दिवस खिचडी खावी, कोण नाही म्हणतंय!

दुधाची सक्ती तर मला कळतच नाही. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज बऱ्याच भारतीयांत बालपणानंतरच कमी होत जातं. पेलाभर दुधानं पोट गुडगुडत असेल तर दही, ताक, पनीर घ्या. त्यांत ती साखर कमी असते. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. दुधातल्याइतकं ते सहज शोषलं जात नाही, तरी भाकरी ताटात असावी. रात्रीचं दही विष वगैरे काही नाही. त्रास होत असेल तर दुपारी खा.

‘गोळ्या नकोत’ हा मुद्दा सगळ्यात घातक. बी-१२ वनस्पतींत भरवशाचं मिळत नाही, शेवग्यात नाही की मोड आलेल्या मुगात नाही. दुधा-दह्यातून मिळतं ते थोडं, आणि वयानं जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं बी-१२ नीट सुटत नाही. गोळीतलं मोकळंच असतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर कमतरतेची शक्यता आणखी वाढते. तळपायाला मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा हे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. आधी रक्त तपासा.

मेसेजचा एक तुकडा काहींना लागू पडतो: मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळींचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. आणि वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असणाऱ्यांनी पालेभाजी सोडायची नसते, दर आठवड्याला साधारण सारखीच खायची असते.