डब्लिनच्या आगीवर सगळं ढकलू नका

आमच्या सुनेचं माहेर नॉर्थ कॅरोलायनातलं. तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही, निवृत्त झाल्यापासून घराण्याचं मूळ शोधण्याच्या मागे आहेत. ते स्वतःला स्कॉट्स-आयरिश म्हणवतात. मध्यंतरी त्यांनी एक मजकूर पाठवला, जो त्यांच्याकडे घरोघरी फिरतोय. सारांश असा: 'स्कॉटिश आणि आयरिश लोकांच्या लग्नांतून झालेली मिश्र जमात म्हणजे स्कॉट्स-आयरिश. बटाट्याच्या दुष्काळात ते अमेरिकेत आले. एलिस बेटावरच्या कारकुनांनी त्यांची आडनावं बदलली. १९२२ च्या आगीत आयर्लंडचे सगळे कागद जळाले. तेव्हा शोधत बसू नका, लाळेची डीएनए चाचणी करा, गाव कळेल.' खाली व्याह्यांची ओळ: 'म्हणजे माझं काम संपलं.'

काम संपलेलं नाही. या पाच विधानांतलं एकही जसंच्या तसं टिकत नाही.

'मिश्र जमात' हे नावावरून बांधलेलं अनुमान आहे. स्कॉटलंडचं किंटायर आणि आयर्लंडचं अँट्रिम यांच्यामध्ये समुद्र जेमतेम वीस किलोमीटर. १६०६ पासून हॅमिल्टन आणि माँटगोमेरी या दोन स्कॉटिश जमीनदारांनी अँट्रिम-डाउन भागात आपल्याकडची कुळं आणून वसवली. १६१० च्या सुमारास राजा पहिल्या जेम्सने अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागाच्या, सहा परगण्यांत हीच गोष्ट सरकारी पातळीवर सुरू केली. आले ते बहुतेक एअरशर, गॅलोवे अशा स्कॉटलंडच्या सखल भागातले प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे लोक. १६९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये ओळीने पिकं बुडाली, तेव्हा आणखी लोंढा आला. कॅथलिक आयरिशांशी लग्नं झालीच नाहीत असं कोणी म्हणणार नाही, पण नाव पडलं ते लग्नांमुळे नव्हे. अल्स्टरमध्ये शंभरेक वर्षं राहून अमेरिकेला गेलेले स्कॉट, एवढाच त्याचा अर्थ. (इंग्लंडच्या सीमेवरचीही बरीच घराणी त्यांच्यात मिसळली.) गंमत म्हणजे अठराव्या शतकातल्या अमेरिकेत त्यांना बहुधा नुसतं 'आयरिश' म्हणत. पुढे गरीब कॅथलिक आयरिश मोठ्या संख्येने उतरू लागले, तेव्हा 'आम्ही ते नव्हे' हे सांगायला 'स्कॉच-आयरिश' हे नाव छातीवर मिरवलं जाऊ लागलं.

दुष्काळाच्या मुद्द्याला एक माणूस पुरे. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे आईवडील अँट्रिममधल्या कॅरिकफर्गसकडचे, १७६५ मध्ये निघालेले. जॅक्सन अमेरिकेत जन्मले, आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष होते आणि जून १८४५ मध्ये वारले. बटाट्यावरचा रोग आयर्लंडमध्ये दिसला तो त्याच वर्षी सप्टेंबरात! मुख्य स्थलांतर १७१७ ते १७७५ मधलं. १७४०-४१ मध्ये कडाक्याच्या थंडीने दुष्काळ पडला होता हे खरं, पण तो वेगळा. एरवीची कारणं रोकडी होती: पट्ट्यांची मुदत संपली की जमीनदार खंड चढवत, प्रेस्बिटेरियनांना १७०४ च्या कायद्याने सरकारी पदं बंद झाली होती, त्यांच्या पाळकांनी लावलेली लग्नंही धड मान्य नव्हती.

आणि जवस. आपण चटणी करतो तोच. त्याच्या देठाच्या धाग्यापासून लिनन विणायचं हा अल्स्टरचा धंदा. तलम धाग्यासाठी रोप बी पिकायच्या आधीच उपटावं लागे, म्हणून पेरणीचं बी दरवर्षी बाहेरून, मुख्यतः फिलाडेल्फियाहून आणावं लागे. बी उतरवल्यावर परत जाताना जहाजात जागा मोकळी असे, ती माणसांनी भरत. तिथून पेनसिल्व्हेनिया, शेनांडोआचं खोरं, मग कॅरोलायना. व्याह्यांच्या पूर्वजांची बैलगाडी, किंवा तिकडची घोडागाडी म्हणू, याच वाटेने आली असावी.

एलिस बेटाबद्दल फार बोलायला नको. न्यूयॉर्कच्या बंदरातलं ते स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ ला. शिवाय तिथले कारकून नावं ठरवत नसत, जहाजाने आणलेल्या यादीशी ताडून पाहत. आडनावं बदलली ती ऐकून लिहिण्याच्या सवयीने, जसं शिंद्यांचं सिंधिया झालं. खरी अडचण वेगळीच आहे. १८२० पूर्वी अमेरिकेत प्रवाशांच्या याद्या ठेवायचा राष्ट्रीय कायदाच नव्हता. फिलाडेल्फियात १७२७ पासून जर्मनांच्या याद्या आहेत, कारण ते परके म्हणून त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. अल्स्टरवाले मुळात राजाचे प्रजाजन, त्यांची नोंद कोण कशाला करील?

आता ती आग. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दप्तर जळालं हे खरंच. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळपास सगळ्या गेल्या, मृत्युपत्रं गेली, चर्च ऑफ आयर्लंड या तिथल्या अँग्लिकन चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या गेल्या. पण १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारने स्वतःच नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. ते पाप आगीच्या माथी मारलं जातं. त्याहून महत्त्वाचं, १७६८ मध्ये घर सोडलेला माणूस १८२१ च्या जनगणनेत सापडलाच नसता, कागद शाबूत असते तरी!

तुमचे लोक प्रेस्बिटेरियन होते ना? त्यांच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या बहुतांशी त्या इमारतीत नव्हत्याच, त्या आपापल्या मंडळीकडे, म्हणजे गावच्या चर्चकडे, होत्या. बेलफास्टच्या सार्वजनिक दप्तरखान्यात त्यांच्या प्रती बघायला मिळतात. पुष्कळ मंडळींच्या वह्या एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात, हे मात्र मान्य करायला हवं. तिथे वळसा घ्यावा लागतो. १७९६ ची जवस उत्पादकांची यादी छापलेली असल्यामुळे वाचली. जवस पेरणाऱ्याला क्षेत्राप्रमाणे चरखे किंवा माग बक्षीस मिळे, त्याची ही यादी, सुमारे साठ हजार नावांची. पुढे १८४७ ते १८६४ मधलं ग्रिफिथचं जमीन-मूल्यांकन. तुमचा पूर्वज त्यात नसेल, पण मागे राहिलेल्या भावाची नातवंडं असतील, आणि एखादं आडनाव कुठल्या दोन-तीन पॅरिशांत (चर्चच्या हद्दीप्रमाणे पाडलेल्या भागांत) दाटलंय ते दिसेल. मृत्युपत्रांच्या सूची वाचल्या आहेत. डब्लिनच्या जळालेल्या दप्तराचं प्रतींवरून जुळवलेलं रूप २०२२ पासून इंटरनेटवर फुकट पाहता येतं.

राहिली लाळ. आठ पिढ्या मागे गेलं की २५६ पूर्वज होतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या डीएनएचा अंशही अंगात उरलेला नसतो. चाचणी ताडून पाहते ती आजच्या लोकांशी. अँट्रिम आणि एअरशरची माणसं शतकानुशतकं दोन्ही बाजूंनी ये-जा करत आली, त्यांच्यात टक्केवारीने भिंत कशी उभी करणार? चाचणीचा खरा उपयोग, ज्यांच्याकडे कागद आहेत असे दूरचे चुलते-मावसभाऊ सापडायला होतो.

व्याह्यांना मी एवढंच कळवलं, की समुद्र ओलांडायची घाई करू नका, आधी आपल्याच परगण्यातली खरेदीखतं, चर्चच्या वह्या आणि थडगी बघा, कारण जन्मगाव पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं. चार दिवसांनी त्यांनी एका दगडाचा फोटो पाठवला. अक्षरांत शेवाळ भरलंय. 'अँट्रिम' वाचता येतं, पुढचा शब्द नाही. रविवारी सकाळी तिरपं ऊन असताना पुन्हा जाणार आहेत.