तुमच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून वाचला. तुमचं वेब ॲप कशात बांधायचं, यासाठी प्लॅटफॉर्मची तुलना करण्यात आम्ही तीन आठवडे घालवले, तुम्हाला फ्लटरचा डेमो आवडलेला असताना अँग्युलर (दोन्ही ॲप बांधायची टूल्स) गळ्यात मारलं आणि एवढं करून लॉगिनचं पान मोबाइलवर उघडायला नऊ सेकंद लागतात, असं तुम्ही लिहिलं आहे.

नऊ सेकंदांची चूक सर्वस्वी आमची. रिपोर्टमधले आलेख काढणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आम्ही पहिल्याच फाइलमध्ये बांधून टाकली होती. नुसता पासवर्ड टाकायला आलेल्या माणसालाही ती सगळी उतरवून घ्यावी लागत होती. आमच्या वेगवान नेटवर हे जाणवलंच नाही. आता ज्या विभागात जाल, त्याचाच कोड तेव्हा लोड होतो. साध्या मोबाइलवर, नेटचा वेग मुद्दाम कमी करून तपासलं. पान तीन सेकंदांच्या आत उघडतं. या दुरुस्तीचं बिल लावलेलं नाही.

फ्लटरबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. एकाच कोडमधून मोबाइल आणि वेब दोन्ही होतं, हे खरं. पण वेबवर फ्लटर अख्खा पडदा कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या चौकटीत, रंगवतं. ब्राउझरच्या लेखी ती अक्षरं नसतात, चित्र असतं. तुमच्या हिशेब विभागातल्या ताई दिवसभर कंट्रोल-एफ दाबून बिल नंबर शोधतात, रक्कम माउसने ओढून कॉपी करतात. डेमोत त्यांनी नंबर शोधला, तेव्हा डोळ्यांसमोर असलेला नंबर ब्राउझरला सापडेना. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरची सोयही तिथे मुद्दाम चालू करावी लागते. चित्रं काढायचं टूल असतं, तर मी स्वतःच फ्लटर सुचवलं असतं.

रिॲक्ट आणि व्ह्यू हे वेब ॲपसाठीचे आणखी दोन पर्याय. रिॲक्टमध्ये राउटिंग (एका पानावरून दुसऱ्यावर नेणं), फॉर्म यांच्या लायब्रऱ्या आपण निवडायच्या; अँग्युलरमध्ये ते सगळं एकाच घरचं मिळतं. तुमचे दोनच प्रोग्रॅमर पुढे हे सांभाळणार आणि फॉर्म चाळीसच्या वर, म्हणून ते घेतलं. व्ह्यूनेही काम भागलं असतं. आमच्या लोकांचा हात अँग्युलरवर जास्त बसलेला आहे, हेही एक कारण होतं आणि ते तुलनेच्या अहवालात लिहायला हवं होतं.

तीन आठवडे लागण्यामागे एक जुना अनुभव आहे. एका ग्राहकाचं मोठं ॲप आम्ही फ्लेक्समध्ये केलं होतं, दिसायला देखणं. फ्लेक्समधली ॲप्स ब्राउझरमध्ये फ्लॅश प्लेयरवर चालायची. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेयरचा सपोर्ट संपला, १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंच बंद झालं. सगळे पडदे पुन्हा लिहावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्लॅशसारख्याच, मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटचा सपोर्टही संपला. तेव्हापासून नुसता डेमो पाहून निवड करायला माझं मन धजावत नाही.

अँग्युलरची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, प्रत्येकीला सपोर्ट १८ महिने. म्हणजे अपग्रेडचं काम दरवर्षी धरूनच चालायचं. हे आम्ही परिशिष्टात लिहिलं, समोर बसून सांगितलं नाही. त्यावरची तुमची नाराजी रास्त आहे, त्याबद्दल माफी मागतो. पहिलं अपग्रेड मी स्वतः येऊन तुमच्या प्रोग्रॅमरांसोबत करेन. सोयीची तारीख कळवा.