दहा बाय पंधराच्या हॉलला किती वॅट लागतात? ‘जुना श्रोता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि चिडून लिहिलेली आहे. ‘धन्यवाद, मतं वेगळी असू शकतात’ एवढ्यावर ती वाटेला लावणं बरोबर नाही, म्हणून इथे ऐसपैस लिहितो.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात. गेल्या लेखात मी म्हटलं होतं की तीस हजारांत स्टिरिओ बसवायचा असेल तर वीस-बावीस हजार बुकशेल्फ (फळीवर मावणाऱ्या छोट्या) स्पीकरांवर घाला, सहा-सात हजारांचा छोटा क्लास-डी (कमी वीज खाणारा, कमी तापणारा) ॲम्प्लिफायर घ्या आणि उरलेल्यात वायर वगैरे भागवा. त्यावर तुमचं म्हणणं असं: ही ‘चिनी डबी’ म्हणजे पोरखेळ आहे. शंभर वॅट असल्याशिवाय संगीताला जीव येत नाही. कमी ताकदीचा ॲम्प उलट स्पीकर जाळतो. त्याच पैशात पाच चॅनेलचा रिसीव्हर (होम थिएटरचा ॲम्प), पाच स्पीकर आणि वर सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) मिळतो. पाच इंची वूफरमधून (स्पीकरमधल्या खालच्या स्वरांच्या शंकूतून) तंबोऱ्याचा खर्ज ऐकूच येणार नाही. मुंबईत स्टँड ठेवायला जागा कुणाच्या घरात आहे? आणि शेवटी, कंपन्या मला पैसे देत असणार.

शेवटचं आधी: देत नाहीत. देत असत्या, तर सहा हजारांची वस्तू सुचवून मी माझंच कमिशन कशाला पाडून घेतलं असतं?

आता वॅट. तुमचा सगळा आक्षेप इथेच उभा आहे, त्यामुळे जरा हिशेब मांडू. साधारण बुकशेल्फ स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल असते. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. स्पीकर दोन आहेत, त्याचे तीन वाढवा. आपल्या हॉलमध्ये टीव्ही युनिट एका भिंतीला आणि सोफा समोरच्या भिंतीला, म्हणजे कान स्पीकरपासून सहा-सात फुटांवर. त्या अंतराचे फार तर सहा वजा करा. खोलीत खरं तर त्याहून कमीच जातात, कारण भिंती आवाज परत पाठवतात. उरले ८३. म्हणजे दोन्हीकडे एकेक वॅट दिला की सोफ्यावर ८३ डेसिबल. सतत तेवढ्या आवाजात गाणं चालू असेल तर घरातलं माणूस स्वयंपाकघरातून ‘अरे हळू कर’ म्हणतंच.

संध्याकाळी निवांत ऐकताना सरासरी आवाज ७३च्या आसपास असतो. दहा डेसिबल कमी म्हणजे वीज एक दशांश. एक वॅटसुद्धा नाही, ०.१ वॅट! संगीतात अचानक उसळी येते, तबल्याची थाप पडते, तिहाई समेवर आदळते, त्यासाठी सरासरीच्या वर वीस डेसिबल राखीव धरा. ९३ डेसिबल. त्याला लागतात दहा वॅट. तीस खरे वॅट असले की या खोलीत शिल्लक राहते. आणि तीसचे साठ केले तरी हाती काय लागतं? तीन डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वीज लागते. ॲम्पवर जास्तीचे दहा हजार घालून जे तीन डेसिबल मिळतात तेच ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर निवडून फुकट मिळतात. फक्त एक बघा. स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) असेल आणि मोजमाप २.८३ व्होल्टवर दिलेलं असेल, तर तिथे एक नाही, दोन वॅट दिलेले असतात. तो आकडा तीनने फुगलेला समजा.

‘खरे वॅट’ मी मुद्दाम म्हणतोय, कारण तुमचा संशय इथे अगदीच निराधार नाही. तुमच्या पिढीने टेपरेकॉर्डरवर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असली स्टिकर पाहिली आहेत. त्या आकड्याला कुठलंच ठरलेलं मोजमाप नव्हतं. या डब्यांवरचे आकडेही त्याच घराण्यातले असतात. बऱ्याच डब्यांत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप असते. तिच्या माहितीपत्रकातला ठळक ३१५ वॅटचा आकडा ४ ओहमवर आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड) धरून आहे, आणि त्यासाठी पन्नासेक व्होल्टचा पुरवठा लागतो. विकणारा ‘३०० + ३००’ छापतो आणि सोबत देतो ३२ व्होल्ट, ५ ॲम्पिअरचा अडॅप्टर. ३२ गुणिले ५ म्हणजे १६०. अडॅप्टरच १६० वॅटचा, तर स्पीकरला सहाशे कुठून जाणार?

म्हणून डबीवरचं काही वाचू नका, अडॅप्टर उलटा करून त्याचं लेबल वाचा. २४ व्होल्ट, ३ ॲम्पिअर असेल तर एकूण ७२ वॅट, आणि २४ व्होल्टमधून ८ ओहमच्या स्पीकरला एका बाजूने फार तर तीस-पस्तीस मिळतात. वर केलेल्या हिशेबाला तेवढे पुरतात. जाहिरात खोटी असूनही वस्तू उपयोगाची असू शकते. त्याच लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आहे का तेही बघून घ्या. या सगळ्या प्रकारात भिंतीतल्या २३० व्होल्टला जोडलेली वस्तू तीच एक आहे.

कमी वॅटचा ॲम्प स्पीकर जाळतो, हे अर्धं खरं आहे. ॲम्पची कुवत संपली की लाटेची टोकं कापली जातात आणि तो आपल्या नावावरच्या वॅटपेक्षा जास्त, कधी जवळजवळ दुप्पट वीज बाहेर टाकतो. तारसप्तकाकडचा वाटा वाढतो आणि नाजूक ट्वीटरची (वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरची) गुंडाळी तापून जाते. पण यासाठी माणसाने आवाज फाटलेला ऐकूनही नॉब पुढे फिरवत राहावं लागतं. गच्चीवरच्या हळदीत हे होतं. सोफ्यावर बसून मारवा ऐकताना होत नाही.

रिसीव्हरबद्दल थोडक्यात, कारण इथे गणित सोपं आहे. तीस हजारांत रिसीव्हर, पाच स्पीकर आणि सबवूफर. रिसीव्हरचे आणि सबवूफरचे वजा करून उरतील ते भागिले पाच करा आणि एका स्पीकरच्या वाट्याला काय येतं ते बघा. पिक्चर बघायला हा संच मजा आणेल, नाही म्हणत नाही. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की तुमचं ऐकणं म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं. त्यातली बरीच ध्वनिमुद्रणं मुळात मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची आहेत. मागचे दोन स्पीकर तेव्हा काय करणार?

आता खर्ज. तुमच्या प्रतिक्रियेतला हा सगळ्यांत चांगला मुद्दा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. पांढरी एक धरली तर ६५. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर खर्ज १०४ वर. बरा पाच इंची वूफर, भिंतीचा थोडा आधार मिळाला की ६०च्या आसपासपर्यंत उतरतो. म्हणजे काळी एकचा खर्ज काठावर पण हद्दीच्या आत येतो आणि काळी चारचा तर निवांत. त्याच्या खाली ख्यालात वाजतंय काय? पखवाज किंवा ऑर्गन ऐकणाऱ्याने साडेसहा इंची वूफर घ्यावा, हे मान्य.

पण त्याहून महत्त्वाचं असं की तंबोरा आपल्याला खर्जाच्या मूळ कंपनामुळे भरलेला वाटत नाही. जवारीमुळे (तार घोडीला हलकी घासून येणाऱ्या झणत्काराने) त्या तारेतून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात, त्याने वाटतो. पंचमाच्या जोडीने गंधार ‘बोलतो’ असं आपण म्हणतो, तो त्या वरच्या स्वरांत असतो. तो ऐकवण्याचं काम वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांच्या हाती सूत्रं देतात तिथल्या क्रॉसओव्हरचं, आणि खरा पैसा तिथे लागतो. सात हजारांची जोडी आणि वीस हजारांची जोडी यांतला फरक मला बेसमध्ये कमी आणि इथे जास्त ऐकू येतो. स्वस्त जोडीवर तंबोरा मागे नुसता गुंगुं करत राहतो.

‘एवढ्याशा पेटीतून’ हा शब्द तुम्ही दोनदा वापरलात म्हणून सांगतो. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये वापरायला एलएस ३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. उंची फूटभर, वूफर पाच इंची, संवेदनशीलता जेमतेम ८२-८३ डेसिबल. गाडीत मोठी पेटी मावत नव्हती हे कारण. माणसाचा आवाज खरा वाटतो म्हणून आजही लोक तो जपून ठेवतात. तुमच्या-माझ्या हॉलची अडचण त्या गाडीच्या अडचणीपेक्षा फार वेगळी नाही.

सबवूफरला माझा विरोध खोलीमुळे आहे. दहा फुटांवर समोरासमोर दोन भिंती असल्या की ५६-५७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर त्यांच्यामध्ये अडकून घुमतो. ते खोलीचं माप आहे, कुठल्याही कंपनीचा दोष नाही. त्यात कोपऱ्यात सबवूफर ठेवला की नेमका तोच पट्टा फुगतो, डग्ग्याचा प्रत्येक मींड घेतलेला बोल एकसारखा ‘भुम्’ ऐकू येतो आणि खालच्या मजल्यावरच्यांना स्लॅबमधून तेवढंच ऐकू जातं. रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण पोलिसांच्या आधी सोसायटीचे सेक्रेटरी येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

स्टँडच्या जागेचं बरोबर आहे. नसते. लेखात ‘स्टँड’ लिहिलं ते ज्यांना जमेल त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी टीव्ही युनिटवर किंवा फळीवर ठेवावेत, पण आत ढकलून नाही, पुढच्या कडेला आणून. ट्वीटर कानाच्या उंचीला यावा. युनिट बुटकं असेल तर पुढच्या पायाखाली रबराचा तुकडा घालून स्पीकर किंचित वर बघता करावा. मागे भोक असलेला स्पीकर भिंतीला टेकवायचाच असेल तर त्या भोकात धुतलेला मोजा गुंडाळून घाला. हसू नका, बेस आटोक्यात येतो. काही कंपन्या यासाठी स्पंजचे बूच सोबतच देतात. घर भाड्याचं असेल तर भिंतीत ब्रॅकेट ठोकायच्या आधी मालकाला विचारा.

आणि खोलीत लोखंडी कपाट असेल तर स्पीकरला दोष देण्याआधी त्याच्याकडे जा. ठरावीक स्वर लागला की त्याची मूठ किंवा वर ठेवलेली बॅग थरथरते आणि सोफ्यावरून वाटतं की वूफरच फाटलाय. तोच स्वर पुन्हा वाजवून मुठीवर बोट ठेवा. थांबलं की समजलं.

तुमच्या प्रतिक्रियेत एका जागी मी तुमच्या बाजूने आहे: दुरुस्ती. तुमचा जुना साठ वॅटचा ॲम्प बिघडला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजून कुणीतरी तो उघडून ट्रान्झिस्टर बदलून देतो. या डबीतली चिप गेली की बहुतेक जण हात जोडतात. म्हणूनच तिच्यावर सहा-सातच हजार घाला म्हणतो. अडॅप्टर वेगळा असतो, तो गेला तर त्याच व्होल्टचा दुसरा मिळतो. स्पीकर मात्र तीन ॲम्प बघतात. आपल्या दमट हवेला वूफरच्या कडेचा फोम टिकत नाही, काही वर्षांत बोट लावलं की चिकट भुगा हाताला येतो. रबराची कड घ्या. जुना माल बघायला गेलात तर जाळी काढायला लावून हे आधी तपासा, गाणं नंतर लावा.

वायर लॅमिंग्टन रोडलाच मिळेल. दुकानदाराला टोक कापून दाखवायला सांगा. कापलेला भाग आतून पांढरट दिसला तर ते वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे. आतपर्यंत लाल दिसली तर घ्या. सोळा गेजची बास. सोन्याचा मुलामा दिलेल्या प्लगचं आख्यान कुणी लावलं तर पुढच्या दुकानात जा.

राहता राहिला प्रश्न की हे सगळं तुम्ही माझ्या शब्दावर का मानावं. मानू नका, मोजा. तुमच्याकडे मल्टिमीटर आहे असं तुम्हीच लिहिलंय आणि तुमचा ॲम्प ट्रान्झिस्टरचा आहे, त्यामुळे हे सहज जमेल. (व्हॉल्व्हचा असता तर करा म्हटलं नसतं, तो स्पीकरशिवाय चालवायचा नसतो.) तुम्ही एरवी जास्तीत जास्त जितक्या मोठ्याने ऐकता तिथे नॉब आणा आणि खूण करून ठेवा. बेस-ट्रेबलचे नॉब मध्यावर. आता ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा. ज्या फोनवरून गाणं लावलं होतं त्यावर, त्याच्या आवाजाला हात न लावता, ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीवर ध्वनिमुद्रित केलेला टोन लावा. ॲम्प सुरू करून नॉब खुणेवर आणा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एकाच चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर प्रोब धरा, त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. येईल त्या आकड्याचा वर्ग करून आठाने भागा (स्पीकर ८ ओहमचा धरून). नऊ व्होल्ट आले तर ८१ भागिले ८, म्हणजे दहा वॅट. तुमच्या संगीताच्या उसळीला एका स्पीकरमागे लागणारी कमाल वीज तेवढीच.

तुमचा आकडा तीसच्या वर निघाला, तर मोठा ॲम्प तुम्हाला खरोखरच लागतो आणि तो कुठला घ्यावा यावर वेगळं लिहीन. काय येतंय ते खाली कळवा. आणि हो, मोजताना तुमच्या त्या मोठ्या पेट्यांच्या मागे त्यांची संवेदनशीलता छापलेली असेल, तीही लिहा.