हुडहुडी आणि काका

काल थंडी वाजून ताप आला. अंगावर दोन ब्लँकेटं, पायांत मोजे, तरी दात वाजतायत. तेवढ्यात शेजारचे काका आले, कपाळाला हात लावला आणि वरचं ब्लँकेट ओढून घेतलं. माझं!

"अरे, अंग भट्टीसारखं तापलंय आणि पांघरूण कसलं घेतोस?"

"काका, थंडी वाजतेय."

"तापलेल्या माणसाला थंडी? मनाचे खेळ!"

मनाचे नाहीत हो, हायपोथॅलॅमसचे. मेंदूच्या तळाशी बसलेला हा बदामाएवढा कारभारी एरवी अंग ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो. जंतू शिरले की प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन त्याचा आकडा वर सरकवतं, समजा ३९ वर. मग साडेसदतीसचं अंगही त्याला गारठलेलं वाटतं. तो कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतो (म्हणून कपाळ भट्टी आणि पावलं बर्फ), स्नायू थरथरवून उष्णता काढतो, अंगावर काटाही आणतो. काट्याचा उपयोग शून्य. त्याला अस्वलासारखे केस लागतात. पण जुनी खोड.

हे सगळं दातांच्या कडकडाटात सांगत होतो, तोवर काकांनी पंखा पाचवर केला आणि गार पाण्यात पिळलेला टॉवेल थेट पोटावर टाकला. आकडा ३९ वर असताना कातडी गार केली, तर कारभारी दुप्पट जोरानं थरथरवणार. तसंच झालं. पलंग वाजायला लागला.

"काका, उष्माघातात गोष्ट वेगळी. तिथे आकडा जागेवर असतो, अंग गार ठेवणारी यंत्रणाच कोलमडते. तिथे पॅरासिटामॉल कुचकामी, बर्फच हवा."

एवढ्या व्याख्यानातून काकांनी नेमके शेवटचे दोन शब्द उचलले आणि ते फ्रीजकडे निघाले! आजारी माणसाला स्वतःच्या अंगाबद्दल काही कळतं, हे कुणाला पटतच नाही. ताप आला की मत द्यायचा हक्कच जातो जणू.

पॅरासिटामॉल मी तासाभरापूर्वीच घेतली होती. तिनं प्रोस्टाग्लँडिन आटवलं, आकडा खाली आला, आता तेच अंग कारभाऱ्याला गरम वाटू लागलं. रक्तवाहिन्या सैलावल्या, दरदरून घाम फुटला.

"बघ, टॉवेलचा गुण!" म्हणत काका तो घाम पुसायला लागले. लिटरभर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पुसलेला काहीच नेत नाही. पण सांगणार कुणाला? पंखा पाचवर होता. काकांना गारठा लागला होता, आणि माझं ब्लँकेट त्यांनी अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतलं होतं.